करंट परत कुठून जातो?

रेडीला लोखंडाचं नवल नाही. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला, पुढे गोवा सुरू होतो तिथलं हे गाव. इथे लोहखनिजाच्या खाणी आहेत, बंदर आहे, आणि गावाला दूरवर नाव देणारा द्विभुज गणपती १९७६ साली सापडला तोही खाणीतच. जिथे खनिजाचे डंपर धावतात तिथे हौदे फाटतात, फाळके निखळतात, आणि ते सांधायला रस्त्याच्या कडेला पत्र्याची एखादी शेड उभी राहतेच. शिवाय खाऱ्या वाऱ्यात कुठलीही ग्रील किंवा गेट फार वर्षं धड राहत नाही, त्यामुळे खाण चालू असो वा बंद, वेल्डरला काम असतं.

अशा शेडमध्ये नवीन मशीन येतं तेव्हा मालक अँपिअर विचारतो, कंपनी विचारतो, वॉरंटी विचारतो. मशीन आणून ठेवलं की मात्र जुनीच केबल, जुनाच होल्डर, आणि अर्थ क्लॅम्पच्या जागी सळईचा एक तुकडा जॉबवर टाकून दिलेला. माझं मत विचाराल तर हे उलटं आहे. मशीन थोडं हलकं चालेल, पण तारा हलक्या चालणार नाहीत. वेल्डिंगमधल्या बहुतेक विजेच्या अपघातांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: होल्डरमधून गेलेला करंट मशीनकडे परत कुठल्या वाटेनं जातो? ती वाट तुम्ही नीट घालून दिली नाही, तर तो स्वतःची शोधतो. कधी बेअरिंगमधून, कधी ग्राइंडरच्या तारेतून, कधी माणसातून.

आधी मशीन काय करतं ते पाहू. तारेतून येणारी वीज २३० व्होल्टची, किंवा दोन फेजमध्ये जोडलेलं जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन असेल तर ४०० च्या वर. मशीन हे व्होल्टेज खाली आणतं आणि बदल्यात अँपिअर वाढवून देतं. रॉड पेटलेला असताना आर्कवर फक्त २० ते ३० व्होल्ट असतात, पण करंट १०० ते २०० अँपिअर. आर्कमधलं तापमान सहा हजार अंशांच्या आसपास जातं आणि पोलाद वितळतं १५०० च्या जरा वर, म्हणून सांधा होतो. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. ज्याकडे दुर्लक्ष होतं ते असं की आर्क विझला की व्होल्टेज वर चढतं. मशीन चालू आहे, रॉड जॉबपासून सुटलेला आहे, अशा वेळी जुन्या एसी ट्रान्सफॉर्मरच्या होल्डरवर ७० ते ८० व्होल्ट उभे असतात. म्हणजे ठिणग्या उडत असताना शॉकचा धोका कमी, आणि सगळं शांत असताना, वेल्डर संपलेला रॉड काढून नवा लावत असताना, सर्वांत जास्त.

‘ऐंशी व्होल्टनं काय होवचा नाय’ हे वाक्य कोकणातल्या कुठल्याही शेडमध्ये ऐकायला मिळेल, आणि जानेवारीत ते बऱ्यापैकी खरंही असतं. कोरड्या, घट्टे पडलेल्या हाताचा रोध दहा-वीस हजार ओहम असू शकतो. ८० व्होल्टला दहा हजारांनी भागा, आठ मिलिअँपिअर येतात. झिणझिण्या येतील, शिवी तोंडातून जाईल, काम पुढे चालेल. आता जून धरा. हातमोजे ओले, अंगाला घाम, पायाखाली चिखल, बूट भिजलेले. ओल्या कातडीचा रोध हजार ओहमवर येतो आणि तोच होल्डर ८० मिलिअँपिअर देतो. ५० सायकलच्या एसी विजेत दहा मिलिअँपिअरच्या पुढे बोटं आखडतात, धरलेली वस्तू सुटत नाही. पन्नासच्या पुढे काही क्षणांत हृदयाची लय बिघडू शकते. मशीन तेच, माणूस तोच. सहा महिने काही झालं नाही हा अनुभव सातव्या महिन्याला उपयोगाचा नसतो.

म्हणून हातमोज्यांचे दोन जोड हवेत, एक भिजला की दुसरा घालायला. पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी मॅट हवी. होल्डर काखेत धरून दोन्ही हातांनी जॉब सरळ करायची सवय सोडावी लागेल. छातीच्या इतक्या जवळ ते ऐंशी व्होल्ट नेण्याचं काही कारण नाही. तापलेला होल्डर बादलीत बुडवून थंड करणं तर निव्वळ आत्मघात. नव्या इन्व्हर्टर मशीनमधून डीसी निघते, ती या बाबतीत एसीपेक्षा सौम्य. काही मशीनमध्ये व्हीआरडी नावाची सोय असते, आर्क विझताच ती होल्डरवरचं व्होल्टेज तीसेक व्होल्टच्या आत आणते. ओल्या जागी काम करणाऱ्यानं चार पैसे जास्त देऊन ती घ्यावी.

‘आमच्याकडे ईएलसीबी बसवलाय’ असं सांगणारे भेटतात. बसवलाय ते उत्तम, तीस मिलिअँपिअरचा हवाच. पण तो काय पाहतो? फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही, एवढंच. मशीनच्या आत ट्रान्सफॉर्मरची दोन वेटोळी एकमेकांपासून अलग असतात. होल्डरकडून तुमच्या अंगातून गेलेला करंट परततो तो दुसऱ्या वेटोळ्याकडे, महावितरणच्या न्यूट्रलकडे नाही. त्यामुळे होल्डरचा शॉक बसत असताना ईएलसीबी ढिम्म असतो. त्याच्या दृष्टीनं काही घडलेलंच नाही. तो वाचवतो ते मशीनच्या अलीकडच्या बाजूला: इनपुट केबलची साल गेली, आतली फेज बॉडीला टेकली, तर. होल्डरच्या बाजूला वाचवणारी गोष्ट म्हणजे कोरडे कपडे, धड इन्सुलेशन आणि पुरेशी झोप.

आता परतीची वाट. शेडमध्ये अर्थ म्हणून दोन वेगळ्या तारा ओळखल्या जातात आणि घोळ तिथेच होतो. एक मशीनच्या बॉडीपासून जमिनीतल्या अर्थिंगकडे जाते. तिच्यातून एरवी काहीच वाहत नाही. बॉडीत फेज उतरली तर ती जमिनीकडे नेऊन फ्यूज उडवणं हे तिचं काम. दुसरी, क्लॅम्पची जाड केबल, जॉबपासून मशीनच्या टर्मिनलकडे येते आणि तिच्यातून प्रत्येक टाक्याला शंभर-दीडशे अँपिअर वाहतात. काही वायरमन ‘डबल सेफ्टी’ म्हणून ते टर्मिनल मशीनच्या बॉडीला जोडून देतात. त्यातून काय होतं? क्लॅम्प ढिला आहे, गंजावर बसलाय, नीट टेकत नाही. त्याच जॉबवर कोणीतरी ग्राइंडर ठेवलाय. ग्राइंडरच्या धातूच्या भागाला प्लगमधली अर्थची बारीक तार जोडलेली आहे. दीडशे अँपिअरना ही वाट मोकळी सापडते: जॉब, ग्राइंडर, त्याची बारीक तार, शेडचं अर्थिंग, मशीनची बॉडी, टर्मिनल. वेल्डिंग छान चालतं, कोणाला काही कळत नाही. ग्राइंडरची अर्थ तार आतल्या आत जळून तुटते. ग्राइंडर फिरतोच, कारण फेज आणि न्यूट्रल शाबूत आहेत. पुढच्या आठवड्यात त्याच ग्राइंडरच्या बॉडीत फेज उतरते आणि धरणारा माणूस वेगळाच असतो.

उपाय साधा आहे. टर्मिनल बॉडीला जोडायचं नाही. क्लॅम्प खऱ्या स्प्रिंगचा, जबडा साफ, आणि जिथे वेल्डिंग मारायचं त्याच्या जितका जवळ तितका. खालचा रंग आणि गंज ब्रशनं घासून लखलखीत धातूवर. केबल तांब्याची, दोनशे अँपिअरपर्यंत ३५ स्क्वेअर मिलिमीटर. अ‍ॅल्युमिनिअमची केबल स्वस्त मिळते, पण खाऱ्या हवेत तिची लग वर्ष-दोन वर्षांत पांढरी पडते आणि सांधा तापू लागतो. सांध्यावर हात ठेवून पाहा, अर्थात मशीन बंद करून. गरम लागला तर सांधा वाईट.

डंपरवाल्यांनी तर हे पाठच करावं. हौद्याला भेग गेली आणि क्लॅम्प चॅसिसला लावला, तर करंट बिजागरीच्या पिनेतून आणि हायड्रॉलिक जॅकमधून जातो. चाकाकडे लावला तर बेअरिंगमधून. गोळ्या आणि रिंग यांच्यामध्ये बारीक ठिणग्या पडून पृष्ठभागावर खड्डे होतात, आणि महिन्याभरात बेअरिंग ओरडायला लागलं की दोष कंपनीला दिला जातो. काम सुरू करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढायच्या. नव्या गाड्यांतला ईसीयू आणि अल्टरनेटर एका टाक्यात जाऊ शकतो. पोलादी होडीवर काम असेल तर होल्डर आणि क्लॅम्प दोन्ही केबल थेट तिच्याच अंगावर हव्यात. क्लॅम्प जेट्टीच्या लोखंडाला लावून होडीत वेल्डिंग केलं, तर परतीचा करंट खाऱ्या पाण्यातून आणि शाफ्टमधून वाट काढतो आणि पाण्याखालचा धातू कुरतडून जातो.

जमिनीतल्या अर्थिंगलाही कोकणात वेगळी अडचण आहे. आपल्याकडे खाली जांभा. पावसात तो पाणी पितो, पण मार्च ते मे या काळात इतका कोरडा पडतो की त्यात ठोकलेला पाइप असून नसल्यासारखा. दोन फूट सळई ठोकली आणि झालं, हे इथे चालत नाही. खोल खड्डा, मध्ये गॅल्वनाइज्ड पाइप किंवा प्लेट, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वरून पाणी ओतायला नरसाळं, आणि उन्हाळ्यात ते पाणी खरोखर ओतणं. हल्ली रेडिमेड केमिकल अर्थिंग मिळतं, तेही चालेल. वर्षातून एकदा परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून रोध मोजून घ्यावा, तोही मे महिन्यात. ऑगस्टमध्ये मोजलेला आकडा फसवा असतो.

मशीनला लागणारी वीज किती याचा हिशेब दुकानदार सहसा सांगत नाही. १६० अँपिअरवर काम करताना आर्कला साधारण २६ व्होल्ट लागतात, म्हणजे चार किलोवॉटच्या थोडं वर. मशीनमधली घट आणि पॉवर फॅक्टर धरला की साधं सिंगल फेज इन्व्हर्टर २३० व्होल्टवरून तीस अँपिअरच्या पुढे ओढतं. घरातला मोठा सॉकेट सोळा अँपिअरचा. तरीही तिथे प्लग खुपसला जातो आणि गेटवरच्या कामासाठी पन्नास मीटरची अडीच स्क्वेअर मिलिमीटरची एक्स्टेन्शन ओढली जाते. जाऊन-येऊन शंभर मीटर तांब्याचा रोध पाऊण ओहम. ३३ अँपिअरला त्यात चोवीस-पंचवीस व्होल्ट गळतात आणि आठशे वॉट उष्णता तयार होते, घरातल्या इस्त्रीएवढी. वायर पसरलेली असेल तर निभावतं. रिळावर गुंडाळलेली असेल तर आतले पदर वितळतात. म्हणून एक्स्टेन्शन आखूड आणि जाड, रीळ पूर्ण सोडवलेलं, आणि मशीनसाठी मेन बोर्डपासून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी, हाताच्या अंतरावर आयसोलेटर. लांब नेण्याची वेळ आलीच तर मशीन जवळ न्या. इन्व्हर्टरला मूठ त्यासाठीच दिली आहे. (याच मुठीमुळे ते भर पावसात पत्र्यावरही चढतं, हा भाग वेगळा.) घरगुती मीटरवर धंद्याचं वेल्डिंग चालवणं हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. दंडाचं सोडा, पण मंजूर भार वाढवून घेतला नसेल तर शेजाऱ्यांचे दिवे प्रत्येक टाक्याला मिचकावतात आणि भांडण ठरलेलं.

मशीन ठेवायचं जमिनीपासून फूटभर उंच स्टँडवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि ग्राइंडरच्या वाऱ्यात नाही. आतला पंखा लोखंडाची भुकटी ओढून घेतो, ती सर्किट बोर्डावर बसते, त्यावर खारी दमट हवा. मग एखाद्या पावसाळी सकाळी चालू करताच फट्ट. महिन्यातून एकदा प्लग काढून कोरड्या हवेनं फुंकून काढावं. पाटीवर आयपी आकडा पाहा: २१ म्हणजे सरळ खाली पडणाऱ्या थेंबांपासूनच बचाव, २३ म्हणजे साठ अंशांपर्यंत तिरक्या येणाऱ्या फवाऱ्यापासूनही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ कधी पडतो? २३ घ्या. पावसात वेल्डिंग करायची ती परवानगी मात्र नव्हे.

त्याच पाटीवर ड्यूटी सायकल असते. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती, आणि तीही चाळीस अंश तापमान धरून. एप्रिलमध्ये पत्र्याखाली चाळीस सहज ओलांडतात. अखंड काम हवं असेल तर याच मशीनवर दीडशेच्या आसपास राहावं. विश्रांतीतही मशीन बंद करू नका, पंखा फिरू द्या.

रॉडबद्दल थोडक्यात. बारा नंबर, म्हणजे अडीच मिलिमीटर, ६० ते ९० अँपिअर. दहा नंबर, सव्वातीनच्या जरा खाली, ९० ते १३०. साधा ६०१३ रॉड पावसाळ्यात ओल धरतो, मग तडतडतो आणि सांध्यात छिद्रं सोडतो. ७०१८ सारखा लो हायड्रोजन रॉड तर ओव्हनमध्ये तीनशे-साडेतीनशे अंशांवर तास-दोन तास भाजल्याशिवाय वापरू नये, नाहीतर ओलीतला हायड्रोजन पोलादात शिरून सांध्याशेजारी तडा जातो, तोही दुसऱ्या दिवशी. डंपरच्या चॅसिससाठी हे महत्त्वाचं.

डोळ्यांचं दुखणं प्रत्येक वेल्डरनं भोगलेलं असतं. आर्कमधले अतिनील किरण डोळ्याच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर भाजतात, आणि ते कळतं सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकं मध्यरात्री. वाळू भरल्यासारखं खुपतं, पाणी थांबत नाही. घरोघर बटाट्याच्या चकत्या, गुलाबपाणी. गारवा बरा वाटतो, पण कापलेला बटाटा उघड्या जखमेवर ठेवण्यात जंतू आत जाण्याचा धोका आहे. बहुधा एक-दोन दिवसांत डोळा बरा होतो. दुखणं त्याच्या पुढे गेलं किंवा दिसणं अंधुक झालं तर डॉक्टर. काळी काच १० नंबरची, १७५ अँपिअरच्या वर ११. उन्हाचा काळा गॉगल लावून टाके मारणाऱ्याचे डोळे आणि तोंडाची कातडी दोन्ही भाजत असतात. जवळ उभ्या पोराचेही डोळे भाजतात, म्हणून शेडला पडदा हवा.

धुराकडे कोणी पाहत नाही, कारण तो लगेच चावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला, तंबाखूच्या धुराबरोबर. कोकणात आणखी एक गोष्ट: गंज टाळायला इथे सगळं जीआय पाइपचं. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी, त्यामुळे प्रत्येक टाक्यातून पांढरा धूर निघतो. दिवसभर तो छातीत घेतला की संध्याकाळी हुडहुडी, ताप, अंग मोडून येणं, तोंडाला धातूची चव. दुसऱ्या दिवशी उतरतो. पावसाळ्यात हाच ताप मलेरिया किंवा लेप्टो समजला जातो, किंवा उलट, खरा लेप्टो ‘जस्ताचा ताप’ म्हणून अंगावर काढला जातो. दुसरी चूक जिवावर बेतणारी. डॉक्टरांना आपण वेल्डिंग करतो, आज जीआय मारलं, हे सांगा. सांध्याजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढा, वारा पाठीमागून नव्हे तर बाजूनं येईल असे उभे राहा, तोंड धुराच्या वर वाकवू नका.

डिझेलचं रिकामं पिंप कापायला घेऊ नका. रिकामं ते डोळ्यांना. आत वाफ असते आणि भरल्या पिंपापेक्षा तीच भयंकर. १९४८ च्या कारखाना कायद्यानं अशा टाक्या पूर्ण निर्धोक केल्याशिवाय वेल्डिंग किंवा कटिंगला मनाई केली, ती उगाच नव्हे. बंद टाकीत उतरून काम करायचं तर हवा खेळती हवी आणि बाहेर एक माणूस.

ठिणगी दहा-अकरा मीटर जाते. झावळं, काजूचा पालापाचोळा, नायलॉनची जाळी, फायबरच्या होडीची रेझिन, यातलं काही त्या टप्प्यात असेल तर आधी हलवा. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ ला लागलेल्या आगीत २७ जण गेले. वर वेल्डिंग चालू होतं आणि ठिणग्या खाली ज्वालाग्राही सामानावर पडत होत्या. काम संपल्यावर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर तिथेच थांबावं, बादलीभर वाळू आणि अग्निशामक जवळ ठेवून. पाच वाजता शटर ओढून निघून जाणाऱ्याची शेड सात वाजता पेटते.

कोणी होल्डरला चिकटला तर त्याला धरू नका. आधी आयसोलेटर पाडा, मग हात लावा, श्वास नसेल तर छातीवर दाब देणं सुरू करा आणि दुसऱ्याला १०८ फिरवायला सांगा. आयसोलेटर कुठे आहे हे शेडमधल्या सगळ्यात नव्या पोरालाही माहीत हवं. आणि यंदा मृगाआधी वायरमनला बोलवाल तेव्हा त्याच्याकडून तीन गोष्टी करून घ्या: अर्थिंग मोजून घ्या, वेल्डिंगचं टर्मिनल बॉडीला जोडलेलं असेल तर सोडवून घ्या, आणि सगळ्या ग्राइंडरची अर्थ तार प्लगपासून बॉडीपर्यंत अखंड आहे का तपासून घ्या. तासाभराचं काम आहे.